सात मिनिटं तेवढी माझी

सोमवार, ६ जानेवारी

त्रेचाळिसावा नकार. ह्यांनी निदान ‘श्रीमती’ तरी लिहिलं. मागच्या कंपनीनं मला ‘प्रिय श्रीमान’ करून टाकलं होतं.

दवाखाना बंद होऊन नऊ महिने झाले. अकरा वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे काढली – फोन घेणं, अपॉइंटमेंट देणं, खुर्ची पुसणं, गुळण्यांचे पेले बदलणं. डॉक्टर निवृत्त झाले आणि मी छत्तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाले. लेक शाळेत गेली की लॅपटॉप उघडायचा आणि वेबसाइट बनवायला शिकायचं. तशी शिकले बरंच. पण अडलं की विचारायला कुणी नाही. मी स्क्रीनकडे बघत बसते आणि स्क्रीन माझ्याकडे.

पैसे देऊन कुणी मार्गदर्शक मिळतो का ते बघायचं ठरवलंय. नवऱ्याला सांगितलं नाही. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे आणि तिथे भेटेल त्याला सांगत सुटतो, ‘आमची ही कुणाच्याही मदतीशिवाय शिकतेय.’ परवा मित्रासमोर पुन्हा तेच. मी खाली मान घालून हसले. आता मदत घेतेय म्हटलं की त्याचा फुगा फुटणार. त्याचा कसला, माझाच! दवाखान्याचा शेवटचा पगार बाजूला ठेवलाय, त्यातून भागवीन.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिले मार्गदर्शक बघून झाले. व्हिडिओ कॉल. गृहस्थ अखंड हसत होते, बत्तीशीच्या बत्तीशी बाहेर. मला लोकांचे दात मोजायची खोड आहे, काय करणार – वरचे पुढचे सहा नवे बसवलेले आहेत. ‘तीस दिवसांत नोकरी. तुम्ही फक्त हो म्हणा.’ मी विचारलं, आणि शिकायचं काय? तर म्हणाले, ‘शिकायचं कशाला? तयार प्रोजेक्ट देतो, तयार उत्तरं देतो. पाठ करायची.’

नको म्हणून सांगितलं. मग दिवसभर घरात अशी ताठ मानेनं फिरत होते की लेकीनं विचारलं, ‘आई, मान आखडली का?’

गुरुवार, १६ जानेवारी

मिळाल्या!

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे. सव्वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करून निवृत्त झालेल्या बाई. ग्रंथालयाच्या फलकावर त्यांची चिठ्ठी होती: ‘वेबसाइट बनवण्याच्या कामातली पहिली नोकरी शोधणाऱ्यांना मदत केली जाईल. फी घेतली जाईल. काहीही लिहून दिलं जाणार नाही.’ ते शेवटचं वाक्य वाचून गेले.

टेबलावर स्वयंपाकघरातलं घड्याळ – अंडी उकडताना लावतात तसलं, फिरवून ठेवायचं. बाईंनी ते एका तासावर फिरवलं आणि टिकटिक सुरू. मी मनातल्या मनात नाव ठेवून मोकळी झाले: घड्याळबाई. दाढा पार झिजल्यात त्यांच्या. झोपेत दात खात असणार.

मग अटी. त्या माझ्या कीबोर्डला बोटसुद्धा लावणार नाहीत. अडलं तर विचारण्याआधी काय काय करून बघितलं ते एका वहीत तारीख घालून लिहायचं. त्या वहीला त्या ‘धडपडवही’ म्हणतात, आणि शिकवणी संपली की वही त्यांच्याकडे जमा करायची. (ही वही वेगळी. ही कुणाकडे जमा होणार नाही.) शेवटची अट सांगताना त्यांनी चष्मा काढला. ‘जे समजावून सांगता येत नाही ते तुमचं नाही. आणि जे तुमचं नाही ते तुमचं म्हणून दाखवायचं नाही. ज्या दिवशी हे मोडलं त्या दिवशी शिकवणी संपली.’

मी सगळ्याला हो म्हटलं. बत्तीशीवाल्याला नकार देऊन आलेली बाई मी, मला कसली भीती?

मंगळवार, २१ जानेवारी

धडपडवहीत आज अकरा ओळी झाल्या. बाईंनी सगळ्या वाचल्या आणि पाचवीवर बोट ठेवलं. ‘इथे उत्तर तुमच्या हातात आलं होतं. तुम्ही घाबरून पुढे गेलात.’ खरंच होतं! जिना उतरताना एकटीच हसत होते. किल्लीवाल्यानं वर बघितलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बाईंकडे आणखी एक जण येते. वय बावीस-तेवीस. पुढचे दोन दात मोठे, मध्ये फट, तोंडात सतत बिस्किट, बोलणं भराभर. मी तिला तोंडावरच खारूताई म्हटलं तर म्हणाली, ‘शाळेत पण हेच म्हणायचे. मला आवडतं.’ मला ती ताई म्हणते. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे असेल, बरं वाटलं.

बाईंनी आमची जोडी लावून दिली. दोघींचा कोड एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवायचा आणि एकमेकींचा वाचायचा. ‘दुसऱ्याचा कोड वाचता आला की माणूस नोकरीच्या लायकीचा झाला.’

मधल्या वेळात खारूताईनं दवाखान्याबद्दल खोदून खोदून विचारलं. मी तिला सात मिनिटांची गोष्ट सांगितली. डॉक्टर म्हणायचे, दोन पेशंटांमध्ये पाच मिनिटं ठेवा. पण खुर्ची पुसा, पेला बदला, हत्यारं बदला, घाबरलेल्या पेशंटचं कानातलं खुर्चीखाली पडलेलं असतं ते शोधा – मी घड्याळ लावून बघितलं होतं, सात लागतात. अकरा वर्षं मी डॉक्टरांच्या पाचाची गुपचूप सात करत आले आणि ते मात्र सगळ्यांना सांगायचे, ‘आमच्याकडे कुणाला ताटकळावं लागत नाही.’

खारूताई हसून हसून ठसकली. ‘ताई, हे भारी आहे. मी वापरू कधीतरी?’

वापर की, म्हटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

माझ्या एका पानाचा कोड बाईंना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत समजावून सांगितला. बाई म्हणाल्या, ‘हं.’ खारूताई म्हणते, तिला दोन महिन्यांत एकही ‘हं’ मिळालेला नाही.

सोमवार, ३ मार्च

एका वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीकडून मेल. एक जागा आहे. बाईंनी दोघींनाही अर्ज करायला लावला होता आणि दोघींचीही निवड पुढच्या फेरीसाठी झाली! आता घरी बसून एक काम करून पाठवायचं – अपॉइंटमेंट देणारं एक पान. दोन अपॉइंटमेंट एकमेकींवर आदळता कामा नयेत. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

अपॉइंटमेंट! मी तर आनंदानं लेकीचा गालगुच्चाच घेतला. दुसऱ्या कुणाला काय कळणार अपॉइंटमेंटमधलं?

बाईंनी बजावलंय – शुक्रवारपर्यंत सामायिक फोल्डर कुणी उघडायचं नाही. ‘काम आपापलं.’

बुधवार, ५ मार्च

सगळं पान तयार आहे. छान दिसतंय. फक्त अपॉइंटमेंट आदळतात. एक अडवली की दुसरी आदळते. धडपडवहीत चौदा ओळी. अकरा वर्षं हे मी पेन्सिलीनं करत होते, फोन खांद्यात धरून. मशीनला सांगता येत नाहीये.

शुक्रवार, ७ मार्च

लिहून टाकते.

सकाळी दहा वाजता दोन तास उरले होते. मी सामायिक फोल्डर उघडलं. स्वतःला सांगितलं की माझंच एक जुनं टिपण बघायचंय. टिपण होतंही तिथे. पण खारूताईचं कामही होतं. तिला रोज संध्याकाळी तिथे ठेवून द्यायची सवय आहे. सवयीनं ठेवलं असणार. पोरगी सरळ आहे.

वाचलं. इतकं सोपं! मी दिवसाच्या सुरुवातीकडून पुढे मोजत होते आणि ती दिवसाच्या शेवटाकडून मागे येते. शेवटची वेळ आधी धरते आणि तिथून उलटं मोजत सकाळपर्यंत जाते. आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये – सात मिनिटं. माझी सात! ते बघून मला काय झालं कोण जाणे. वाटलं, ह्यात माझंही आहे की. हे जवळजवळ माझंच आहे.

उचललं. नावं बदलली, क्रम थोडा फिरवला. एक ओळ बिनकामाची वाटली ती काढून टाकली, म्हणजे तेवढंच वेगळं दिसेल. अकरा चाळीसला पाठवलं.

धडपडवहीत आजच्या तारखेखाली काही लिहिलं नाही. तारीखही नाही घातली.

शनिवार, ८ मार्च

ते मला समजावून सांगता येतं का ते बघितलं. येतं. म्हणजे बाईंच्या हिशेबानं माझंच झालं.

नाही झालं.

बुधवार, १२ मार्च

कंपनीचा मेल, दोघींना. ‘आपली दोन उत्तरं एकमेकांशी आश्चर्यकारकरीत्या जुळतात. उद्या दोघींशी स्वतंत्र बोलायचं आहे.’

नवऱ्यानं विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, उद्या इंटरव्यू आहे. तो आनंदानं शिट्टी वाजवत कामावर गेला.

गुरुवार, १३ मार्च

मी खरं सांगायचं ठरवून बसले होते. देवाशपथ ठरवलं होतं.

समोर टीमचे प्रमुख. खोलीत बसूनही गळ्यात मफलर. दात चांगले आहेत. पहिलाच प्रश्न: ‘ही सात मिनिटं कुठून आली?’ आणि माझी जीभ सुटली! खुर्ची, पेला, हत्यारं, कानातलं, डॉक्टरांची पाच – सगळं सांगितलं. मफलरवाले मनापासून हसले. म्हणाले, ‘दुसऱ्या उमेदवार म्हणाल्या, मला एका ताईंनी सांगितलं. त्या ताई तुम्हीच तर.’ मी म्हटलं, हो.

इथपर्यंत सगळं खरं होतं.

मग त्यांनी विचारलं, ‘आणि दिवस मागून मोजायचं कसं सुचलं?’

एक श्वास घेण्याएवढा वेळ मिळाला. तेवढ्यात सांगता आलं असतं. मी म्हटलं, ‘दवाखान्यात तसंच करायचो. डॉक्टरांना घरी जायची वेळ पक्की लागायची, म्हणून शेवटचा पेशंट आधी ठरवायचा.’

असं आम्ही एकदाही केलेलं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. पण ते बोलताना मला ती खुर्ची, ती संध्याकाळ, कोट घालून उभे असलेले डॉक्टर, सगळं दिसत होतं. खोटं इतकं सुबक येईल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, १५ मार्च

बाईंनी दोघींना बोलावलं. ओळखीच्या म्हणून आम्ही दोघींनी त्यांचंच नाव दिलं होतं, त्यामुळे कंपनीचा फोन त्यांना गेला होता.

घड्याळ लावलेलं नव्हतं. बाईंनी खारूताईला विचारलं, ‘सात कुठून आली?’

‘ताईंकडून.’ लगेच, स्वच्छ.

‘आणि मागून मोजणं?’

‘ते माझं आहे.’

‘ह्या म्हणतात, दवाखान्यात तसंच करायचे.’

खारूताईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. गोंधळून – मी काहीतरी सांगून तो गोंधळ सोडवणार आहे अशा खात्रीनं. मी टेबलावरच्या बंद घड्याळाकडे बघत बसले. मी ‘वापर की’ म्हटलं होतं, एवढं तरी सांगायचं! तेही सांगितलं नाही.

बाईंनी खारूताईकडे बघत चष्मा काढला. ‘एक गोष्ट दुसऱ्याची आहे असं तुम्ही स्वतःच कबूल करता. दुसरीचं काय समजायचं मी? अट तुम्हाला माहीत होती.’ खारूताई म्हणाली, ‘हो बाई.’ तिचं बिस्किटाचं पुडकं टेबलावर होतं, ते तिनं पिशवीत टाकलं. मग धडपडवही काढून त्यांच्यासमोर ठेवली. शिकवणी संपली की वही जमा. ‘वाचाल ना, बाई?’ एवढंच म्हणाली.

जिन्यावर तिच्या मागोमाग गेले नाही. ती पुरती खाली पोचेपर्यंत चपला घालत बसले.

रविवार, १६ मार्च

खारूताईचा मेसेज. आहे तसा उतरवून ठेवते.

‘ताई, सॉरी. मी वापरू का विचारलं तेव्हा तुम्ही गमतीत हो म्हणाला असाल, मी खरंच धरलं. माझ्यामुळे तुमच्यावर पण संशय आला. मी कंपनीला लिहून कळवलंय की सात मिनिटं तुमची आहेत, तुमची काही चूक नाही. तुम्हाला नोकरी मिळू दे.’

चार वेळा उत्तर लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी नुसता अंगठा पाठवला. वर केलेला अंगठा! मला स्वतःची शिसारी आली.

मंगळवार, १८ मार्च

नोकरी मिळाली.

नवरा कामाच्या ठिकाणाहून धावत आला, हातात ग्रीसचा वास. लेकीनं घरभर उड्या मारल्या. ‘कुणाच्याही मदतीशिवाय!’ तो फोनवर कुणाकुणाला सांगत होता. बाईंबद्दल त्याला अजून माहीत नाही. खारूताईबद्दल कुणालाच नाही.

मी पण हसत होते. ते हसू खोटं नव्हतं, हे सगळ्यात वाईट. छत्तीस वर्षांच्या बाईला त्रेचाळीस नकारांनंतर कुणीतरी हो म्हटलं होतं. आनंद झालाच. आनंद व्हायचा थांबेना आणि लाजही थांबेना.

मंगळवार, १ एप्रिल

पहिला दिवस. खिडकीजवळची जागा, फिरती खुर्ची, गळ्यात ओळखपत्र. मफलरवाल्यांनी सगळ्यांशी ओळख करून दिली – ‘ह्या त्या सात मिनिटंवाल्या.’ सगळे हसले. माझं अपॉइंटमेंटचं पान ते खऱ्या गिऱ्हाइकांसाठी वापरणार आहेत. माझं.

कॉफीच्या मशीनपाशी एकानं सांगितलं, ‘उलटं मोजायची आयडिया मस्त होती हं तुमची.’ मी म्हटलं, थँक्यू.

बुधवार, ९ एप्रिल

धडपडवही जमा करायला बाईंकडे गेले. इतके दिवस टाळत होते.

खोलीत दाटी! चार नवे विद्यार्थी, खुर्च्या कमी पडल्या म्हणून एक जण खिडकीच्या कट्ट्यावर. बाईंनी ओळख करून दिली, ‘ह्यांना अडीच महिन्यांत नोकरी लागली.’ चौघेही माझ्याकडे असे बघायला लागले की मी दाराकडे सरकले. एकानं विचारलं, रोज किती तास अभ्यास करायचात?

बाईंनी माझी वही चाळली. पाच मार्चपाशी थांबल्या – त्या चौदा ओळी. पान उलटलं, पुढे कोरं. सात मार्च नाहीच. मला वाटलं, आता चष्मा काढतील. नाही काढला. वही मिटून कपाटात ठेवली आणि घड्याळ फिरवत म्हणाल्या, ‘चला, बसा सगळे.’ माझ्याकडे पाठ करून.

त्यांना वेळ नव्हता म्हणून, अशी समजूत घालत घरी आले.

बुधवार, १६ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहिते.

परवा एका गिऱ्हाइकाची तक्रार आली – एका केशकर्तनालयाची. दिवसाची शेवटची अपॉइंटमेंट कुणालाच मिळत नाही. रोज संध्याकाळी खुर्ची रिकामी. मफलरवाले म्हणाले, ‘तुमचाच कोड आहे, तुम्हाला पाच मिनिटांचं काम.’

दोन दिवस झगडले. कळेना. शेजारच्यांना विचारावं तर ते म्हणणार, तुम्हीच तर लिहिलंय. बाईंना विचारायचं तोंड नाही. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन बसले आणि निर्लज्जपणे खारूताईला फोन लावला.

तिला आनंद झाला! ‘ताई! कशा आहात?’ पार्सलं बांधायच्या कामाला लागलीय ती, मागे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. नोकरीच्या अर्जांचं विचारलं तर म्हणाली, ‘बघते नंतर. कुणाची ओळख देऊ, असं होतं.’ मी म्हटलं, एका जुन्या कामात अडलेय, जरा बघशील? कुठलं काम ते सांगितलं नाही. सगळी नावं बदललेली आहेत, तिला काय कळणार, असा माझा हिशेब! एकेक ओळ फोनवर वाचत गेले. ती ‘हं… हं…’ करत ऐकत होती. चौथ्या की पाचव्या ओळीला चिकटपट्टीचा आवाज थांबला.

‘ताई, त्याच्या पुढची ओळ मी सांगू?’

मी वाचायची थांबले.

‘शेवटच्या पेशंटनंतर सात मिनिटं धरायची नाहीत, कारण त्याच्यानंतर कुणी येणारच नसतं. त्यासाठी एक ओळ होती तिथे. ती कुठे गेली?’

बिनकामाची वाटली म्हणून मी काढून टाकलेली ओळ! ती नसल्यामुळे मशीन शेवटच्या माणसानंतरही सात मिनिटं मागत होतं, आणि दुकान तर बंद व्हायचं. म्हणून शेवटचा माणूस रोज परत जात होता.

मग तिनं ती ओळ सांगितली. सावकाश, मला टिपून घेता यावी अशी, चिन्हांसकट. दुसऱ्यांदा म्हणून दाखवली. ‘झालं, ताई. आता चालेल.’ आणि फोन ठेवला.

चाललं. मफलरवाल्यांनी टेबलावर टकटक करून शाबासकी दिली.

गुरुवार, १७ एप्रिल

कामावर गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ओळ सांगितली.

शनिवार, १९ एप्रिल

नवऱ्याला सांगितलं. बाईंच्या फीपासून फोनपर्यंत सगळं. लेक मैत्रिणीकडे गेली होती. तो स्टुलावर बसून पंख्याचं बटण दुरुस्त करत होता. पेचकस हातात तसाच राहिला.

मग म्हणाला, ‘मी सगळ्या ऑफिसला सांगितलंय गं.’

माहीत आहे, म्हटलं.

पुन्हा बटणाकडे वळून म्हणाला, ‘नोकरी जाईल ना?’ मी म्हटलं, जाईल बहुतेक. त्यानं बटण बसवलं, पंखा लावून बघितला, बंद केला. मग विचारलं, ‘त्या पोरीला सांगितलंस?’ मी म्हटलं, तिला कळलंय. तो चिडला. माझ्यावर क्वचितच चिडतो. ‘कळणं वेगळं. तू सांगितलंस का?’

दुपारी पत्र लिहिलं, कंपनीला. खारूताईच्या नावाची एक प्रत. मागून मोजणं तिचं, ती ओळ तिची, दवाखान्याची गोष्ट मी रचलेली. सात मिनिटं तेवढी माझी, आणि ती वापरायची परवानगी मीच दिली होती. ह्या वहीतली सात मार्चची नोंद जशीच्या तशी उतरवून काढली. ही वही कुणाकडे जमा होणार नाही असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं.

पाठवण्याआधी बाईंना दाखवायला हवं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तिला घालवलं. त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. उद्या सकाळी जाते. त्या चष्मा काढतील, त्याचीच भीती वाटतेय.

रविवार, २० एप्रिल

बाईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला नाही. उठल्या, कपाटातून खारूताईची धडपडवही आणून माझ्यापुढे उघडून ठेवली. ५ मार्च. नऊ प्रयत्न, नऊही खोडलेले. दहावा: ‘लहानपणी आई कामावरून यायची ती वेळ आधी लिहायचे आणि तिथून उलटे तास मोजत बसायचे. तसं करून बघू.’

‘ती गेली त्याच दिवशी वाचली,’ बाई म्हणाल्या.

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्या घड्याळ उगाचच फिरवत होत्या. ‘तुमची नोकरी बघून चार जण आले माझ्याकडे.’

पत्र आम्ही पुन्हा लिहिलं. खाली दोन सह्या आहेत.